माझ्यासोबत भासऱ्यांच्या घरी आलेल्या मावशींस

आदरणीय मावशी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण तुमचे आभार मानताना आमच्या मंडळीतील (चर्चमधील) वडीलजनांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

यजमान गेल्यानंतर भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, वावराच्या कागदांतून मला आणि मुलांना डावलले आणि चारचौघांत मला पांढऱ्या पायाची म्हटले. तेव्हा वडीलजन घरी आले, प्रार्थना केली, बायबलमधील मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील ‘साताच्या सत्तर वेळा’ एवढे वाचले आणि क्षमा कर असे सांगून निघून गेले. त्याच अध्यायात १५ ते १७ या वचनांत प्रभू म्हणतो की, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, त्याने ऐकले नाही तर आणखी एकादोघांना सोबत ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. तेवढे नेमके वाचायचे राहिले. भासऱ्यांचा कापूस विकला गेला की मंडळीला देणगी मिळते, याचा त्याच्याशी संबंध नसावा, असे मी अजूनही मानू पाहते.

तुम्ही मात्र सोबत आलात. भासऱ्यांच्या ओसरीवर चहा आला तेव्हा तुम्ही कप हातात न घेता म्हणालात, “पहिले इचं आयकून घ्या, चहा मंग पाहू.” बाकी तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी सगळे सांगून होईपर्यंत तो चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. भासऱ्यांनी काही कबूल केले नाही, तरी माझे दुःख खरे आहे असे मानणारे माणूस त्या दिवशी प्रथमच माझ्या शेजारी बसले होते, आणि माझ्या मनातील क्षमेची सुरुवात तिथून झाली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही त्याच अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला काढलात: राजाने त्याचे सगळे कर्ज सोडले, पण त्याने आपल्या सोबतीच्या चाकराला सोडले नाही. सोबत्याकडे त्याचे येणे शंभर दीनार होते, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. राजाने सोडलेल्या अफाट कर्जापुढे ते थोडे खरे, पण शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. प्रभूने तो आकडा लपवला नाही, असे तुम्ही म्हणालात.

आपल्या खेड्यांत मयतीला न बोलावता येणारी माणसे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या अन्यायाची साक्ष द्यायला उंबरा चढणारी फार थोडी.

फेरफाराचा, म्हणजे वावराच्या कागदांवर आमची नावे लावण्याचा, अर्ज मी मागे घेतलेला नाही, कारण क्षमेत मुलांचा वाटा सोडणे येत नाही, हेही तुमचेच सांगणे. भासऱ्यांशी मात्र आता बोलते. यंदा त्यांची कंबर धरली तेव्हा मोठ्याला त्यांच्या वावरात डवरणीला पाठवले. ते माझ्याशी काही बोलले नाहीत, पण पोराला जेवू घालूनच परत पाठवले.

नाताळाला आमच्याकडे मुक्कामालाच या.

आपली नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील एक बहीण