गाणाऱ्याच्या हाती कागद हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांतल्या सामन्यांच्या, जाहिराती आणि नव्या दमाच्या बुवांची (मुख्य भजनगायकांची) कौतुके वृत्तपत्रांतून दिसू लागतात. ते कौतुक रास्तच आहे, कारण सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत चांगल्या गळ्यांची वाण कधीच नव्हती. मात्र त्यांतले किती जण चाळिशी ओलांडल्यावरही गाण्यावरच घर चालवत असतात, याची विचारपूस सहसा होत नाही. कुडाळ परिसरात पेटीची साथ करणारा आणि शिकवण्या घेणारा या नात्याने मला दिसते ते असे, की आपल्याकडचे बहुतेक गायक-वादक सगळा व्यवहार तोंडी ठेवतात आणि त्यापायीच मागे पडतात.

कोकणातल्या कलावंताचे वर्ष सणांवर चालते. श्रावणातले सप्ताह, भाद्रपदातील भजने, नवरात्र, कार्तिकापासून सुरू होणारे दहिकाले (देवळांतल्या जत्रा) आणि त्यांतली दशावताराची साथ, रत्नागिरीकडे शिमग्याच्या सुमारास नमन हे लोकनाट्य, मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सत्यनारायणाच्या पूजा आणि लग्ने, अशी कामे असतात. परंतु ज्येष्ठ-आषाढाच्या पावसात हातात काहीच नसते. ज्याने केवळ बुवा म्हणूनच मिरवायचे ठरवले, त्याला हे दोन महिने फार जड जातात. ज्याला पेटी किंवा पखवाजाची चोख साथ जमते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसवता येतात, आकाशवाणीची स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळवता येते, त्याची चूल मात्र पेटती राहते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी मुंबई आकाशवाणीवर नोकरी केली, ‘मत्स्यगंधा’ (1964) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) यांसारख्या नाटकांना संगीत दिले आणि शिष्यांची एक पिढी घडवली. मैफलीच्या जोडीला त्यांनी केलेली ही कामेही तितकीच मोठी होती.

आता चालींविषयी सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. डबलबारीत समोरच्या बुवावर मात करण्यासाठी गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर भजनातला गजर बांधला जातो आणि मंडप डोक्यावर घेतला जातो. त्या रात्रीपुरते ते ठीक आहे. पण तोच गजर यूट्यूबवर चढवला की त्या चालीचे मालक असलेली कंपनी दावा सांगते आणि उत्पन्न तिच्याकडे वळते, कारण त्या चालीवर बुवांचा हक्क कधी नव्हताच. याउलट ज्यांनी अभंगाला किंवा गौळणीला स्वतःची चाल लावली, असे कलावंत आपल्या भागात कमी नाहीत. परंतु तेही रेकॉर्डिंग करणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेऊन मोकळे होतात आणि पुढे लाखो लोकांनी ते गाणे ऐकले तरी त्यांच्या पदरी काही पडत नाही.

वास्तविक कायदा कलावंताच्या बाजूने बराच उभा आहे. कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असला, तरी नोकरीचा भाग म्हणून केलेले काम वगळता शब्दांचा हक्क कवीचा आणि चालीचा हक्क संगीतकाराचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. 2012 च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील समान वाट्यावर कायमचे पाणी सोडताच येत नाही. तो वाटा वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस ही कवी-संगीतकारांची सोसायटी त्यासाठीच आहे. गायक-वादकांनाही सादरकर्ता म्हणून हक्क आहेत आणि त्यांची मुदत 50 वर्षांची आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण चाल स्वरलिपीत उतरवून तारखेसह जपून ठेवणे कुणालाही शक्य आहे. देवगडचा बागायतदार मोहोर पाहून बाग खंडाने देतो, पण कलमांची मालकी त्याच्याकडेच राहते. हाच हिशेब चालींना लावला पाहिजे.

मंडळांशी होणारे ठरावही असेच तोंडी असतात. फोनवर सुपारी ठरते, विसार (आगाऊ रक्कम) कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि कार्यक्रम पावसाने किंवा रात्री दहाच्या ध्वनिक्षेपक बंदीमुळे अर्ध्यावर थांबला की बिदागीवरून कुरबूर सुरू होते. त्यात पहिली कात्री बसते ती झांज आणि कोरसवाल्या मंडळींच्या पाकिटाला, हे मला सर्वांत लाजिरवाणे वाटते. पुष्कळ बुवा सलग रात्री चढ्या पट्टीत गातात आणि स्वरयंत्रावर गाठी आल्यावर डॉक्टरकडे धावतात, त्यालाही हीच अनिश्चितता कारण आहे. पुढची सुपारी केव्हा येईल याचा भरवसा नसला की आलेल्या सुपारीला नाही म्हणवत नाही.

लेखी पुराव्याचे महत्त्व उतारवयात अधिक कळते. राज्य शासन पन्नाशी उलटलेल्या पात्र कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मानधन देते. त्या अर्जासोबत कलाक्षेत्रात दीर्घकाळ काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने आयुष्यभर मृदंग वाजवला, त्याच्याकडे एकही पावती, कार्यक्रमपत्रिका किंवा कात्रण नसावे, असे चित्र आजही दिसते, आणि मग तो सरपंचाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतो.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जिल्ह्यातील भजन मंडळे आणि उत्सव समित्या यांनी मिळून मराठीत एक पानी ठरावाचा नमुना तयार करावा. त्यात एकूण बिदागी, प्रत्येक साथीदाराचा वाटा, विसार, कार्यक्रम रद्द झाल्यास द्यायची रक्कम आणि चित्रीकरणास परवानगी आहे की नाही, एवढे लिहिलेले असावे आणि कार्यक्रमानंतर मंडळाने शिक्क्यासह पावती द्यावी. आपल्या वृत्तपत्राने तो नमुना गणेशोत्सवापूर्वी छापला, तर वाडीवाडीतली मंडळे कात्रण काढून तोच वापरू शकतील.

आपला नम्र,
एक संवादिनीवादक व संगीतशिक्षक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग