बाटलीसाठी मतदान होतं, मग कंपन्यांच्या टॅक्स सवलतीसाठी का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं झालंय, शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

माझा भाचा बोटीवर असतो. यंदा गणपतीला त्याला सुट्टी मिळाली, दोन दिवस आमच्याकडे राहिला. रात्री भजन आटपलं, मंडळींची उसळ-पाव खाऊन झाली आणि आम्ही खळ्यात बसलो होतो, तेव्हा माझी नेहमीची जीएसटीची कटकट चालू होती. तो म्हणाला, मावशी, अमेरिकेत अलास्कात लोकांनी तेल कंपन्यांना दिलेली टॅक्सची सूट रद्द करायला सह्या गोळा केल्या आणि सरकारला त्याच्यावर मतदान घ्यायला लावलं. मला आधी खरंच वाटेना. टॅक्सवर मतदान? मग तो परत गेल्यावर मी स्वतः रोज रात्री मोबाईलवर बसून जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं, आणि तेव्हापासून वाटतंय की ही गोष्ट कोकणातल्या माणसापर्यंत पोचायलाच पाहिजे.

झालं असं की अलास्का राज्याचा कारभार तेव्हा मुख्यतः तेलाच्या उत्पन्नावर चालायचा. एप्रिल 2013 मध्ये तिथल्या विधिमंडळाने गव्हर्नर शॉन पार्नेल यांच्या पुढाकाराने तेल कंपन्यांचा टॅक्स कमी करणारा कायदा केला, कारण सांगितलं ते सगळीकडे सांगतात तेच, की टॅक्स कमी केला तर कंपन्या जास्त पैसे गुंतवतील, उत्पादन वाढेल. आता तिथल्या राज्यघटनेत अशी सोय आहे की अधिवेशन संपल्यापासून 90 दिवसांच्या आत ठरलेल्या संख्येएवढ्या मतदारांनी सह्या दिल्या तर तो कायदा ठेवायचा की रद्द करायचा हे लोक ठरवतात, मतपेटीत. सह्या लागणार होत्या 30,169. लोकांनी पन्नास हजाराच्या वर जमवल्या. विचार करा, अख्ख्या अलास्काची लोकसंख्या आपल्या सिंधुदुर्गापेक्षा कमी, आणि राज्य महाराष्ट्राच्या पाचपट मोठं, कित्येक गावांना रस्ताच नाही, बोटीने नाहीतर छोट्या विमानाने जायचं. तिथे ही माणसं कागद घेऊन फिरली. त्यात विक फिशर नावाचे एक गृहस्थ होते, अलास्काची घटना ज्यांनी 1955-56 मध्ये बसून लिहिली त्यांच्यातले, तेव्हा वय नव्वदीला टेकलेलं. आपणच लिहिलेलं कलम वापरायला म्हातारपणी बाहेर पडलेला माणूस, हे वाचून मला भरून आलं.

मतदान 19 ऑगस्ट 2014 ला झालं. तेल कंपन्यांनी सवलत वाचवायला एक कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला, सह्या जमवणाऱ्यांकडे त्याच्या पासंगालाही पुरेल इतका पैसा नव्हता. आणि सह्या जमवणारे हरले. साधारण 47 टक्के लोक म्हणाले सवलत रद्द करा, बाकीचे म्हणाले राहू दे. सवलत राहिली.

हरले हे मी मुद्दाम लिहितेय, लपवून ठेवलं तर ते खोटं होईल. पण त्या राज्यातल्या मासेमारी करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या माणसाला कोणीतरी विचारलं तरी की बाबा, हा एवढा पैसा सोडायचा का. दोन्ही बाजूंना दारोदार जाऊन हिशोब सांगावा लागला. आणि सगळीकडे लोक हरतातच असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये 100 दिवसांत 50,000 सह्या आल्या की संसदेने पास केलेला कायदा लोकांच्या मताला टाकावा लागतो, तिथे 12 फेब्रुवारी 2017 ला कंपन्यांच्या टॅक्समध्ये सूट देणारा कायदा 59 टक्के लोकांनी फेटाळला. मग सरकारने तो बदलून परत आणला, आणि 2019 मध्ये तो दुरुस्त केलेला लोकांनी पास केला. म्हणजे देश बुडाला नाही, उद्योगधंदे पळून गेले नाहीत, सरकारला फक्त एकदा परत बसून नीट विचार करावा लागला.

आता कोणी म्हणेल हे सगळं तिकडचं. म्हणून मी आमच्या गावची गोष्ट सांगते.

आपल्या महाराष्ट्रात 2008 पासून नियम आहे की गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. हे आम्ही केलंय. वेंगुर्ला तालुक्यात आमचं गाव, मी आणि माझी जाऊ मिळून काजूचं छोटं युनिट चालवतो, चौदा बायका कामाला आहेत, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या दुकानाचा त्रास होता. संध्याकाळी काम सुटलं की आम्ही वाडीवाडीत फिरायचो, दोन महिने फिरलो. पाहिजे होत्या त्यापेक्षा जास्त सह्या झाल्या. मग सह्यांची पडताळणी झाली आणि त्यात कितीतरी नावं बाद. का, तर अंगठा उमटला नाही. साहेब, काजू फोडणाऱ्या बाईचा अंगठा बघितलाय का कधी? टरफलातल्या तेलाने कातडी जळते, सोलून निघते, कितीही राख लावा खोबरेल लावा, वर्षभर ते चालूच असतं. त्या बोटांवर रेघाच राहिलेल्या नसतात. शाईत बुडवून कागदावर टेकलं की नुसता काळा डाग. समोरच्या माणसाने तो डाग बघितला आणि फुली मारली. ती बाई माझ्या शेजारी उभी होती, एक शब्द बोलली नाही, पदराला अंगठा पुसला आणि खाली गेली.

आम्ही परत सुरुवात केली. या वेळी बायकांनी आठ दिवस फोडायचं काम बंद ठेवलं, सोलायला आणि निवडायला बसल्या, रोज रात्री तेल लावून झोपल्या, तेव्हा कुठे अंगठे उमटले. मतदान झालं. पण नियम असा की एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, आणि कोकणात प्रत्येक गावच्या यादीत मुंबईची चाकरमानी मंडळी असतात, त्या बायका शिमग्याला आणि गणपतीला येणार, कामाच्या दिवशी कशा येणार. 19 मतं कमी पडली. आम्हीही हरलो. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या ओट्यावर बसून पिणं बंद झालं, कारण मालकाला कळलं की गावातल्या किती बायका त्याच्या विरोधात घराबाहेर पडल्यात, आकडा भिंतीवर लावलेला होता.

म्हणून मला ही अलास्काची गोष्ट परकी वाटली नाही. सही, पडताळणी, मतदान, हे सगळं आम्ही हाताने केलंय.

आता टॅक्सकडे येते. 20 सप्टेंबर 2019 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांचा टॅक्स कमी केल्याचं जाहीर केलं. कुठे, तर पणजीत, आमच्या घरापासून दोन तासांवर, जीएसटी कौन्सिलच्या मीटिंगसाठी सगळे तिथे जमले होते तेव्हा. 30 टक्क्यांचा मूळ दर 22 वर आणला, नवीन कारखाना काढणाऱ्या कंपनीला 15 टक्के. सरकारनेच सांगितलं की यामुळे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल. आधी अध्यादेश, संसदेत चर्चा नंतर डिसेंबरमध्ये. त्या दिवशी सेन्सेक्स 1900 अंकांहून जास्त उडाला. 22 टक्के घेणाऱ्या कंपनीला बाकीच्या बऱ्याच सवलती सोडाव्या लागतात हे मला माहीत आहे, आमच्या सीएने समजावून सांगितलं. पण त्याच सीएने दुसरी गोष्ट पण सांगितली ती ऐका. माझी आणि जावेची भागीदारी फर्म आहे, कंपनी नाही. भागीदारी फर्मला आजही सरळ 30 टक्के, वर सेस धरून 31.2. स्लॅब नाही, आमचा पगार वजा करून एक लाख नफा राहिला तरी 31,200 भरा. आणि हजारो कोटींची कंपनी सरचार्ज सेस सगळं धरून 25.17 टक्के भरते. शेतकऱ्याकडून बी घेतली की त्याच्यावरचा 5 टक्के जीएसटी उलटा आम्हालाच भरायचा, तो पण रोख, गर विकल्यावर सेट ऑफ मिळतो पण तोपर्यंत पैसे अडकलेले, आणि बीच्या सीझनला बँकेचं व्याज चालू.

देशाच्या पातळीवर पण तेच दिसतं. 2018-19 मध्ये कंपन्यांचा टॅक्स 6 लाख 63 हजार कोटी आला होता आणि माणसांचा इन्कम टॅक्स 4 लाख 73 हजार कोटी. 2023-24 मध्ये कंपन्यांचा 9 लाख 11 हजार कोटी, माणसांचा 10 लाख 40 हजार कोटींच्या वर. नोकरदार माणूस आणि छोटा धंदेवाला मिळून आता सगळ्या कंपन्यांपेक्षा जास्त इन्कम टॅक्स देतो. त्यात एकाच कारणाचा हात आहे असं मी म्हणत नाही. पण हा फरक कोणी गावात येऊन सांगितला का? कोणी विचारलं का?

आणि दिल्लीच कशाला. महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, त्यात मोठ्या प्रोजेक्टना राज्याच्या जीएसटीचा परतावा, स्टॅम्प ड्युटी माफ, वीज शुल्क माफ. कारखाने नकोत असं मी अजिबात म्हणत नाही, आमची मुलं मुंबईला जातात ती हौसेने जात नाहीत. माझं म्हणणं एवढंच की जी सवलत देणार ती लोकांच्या पैशातून देणार, मग ती किती, किती वर्षं, बदल्यात नोकऱ्या किती, हे त्या जिल्ह्यातल्या माणसाला कळलं पाहिजे आणि पुरेशा सह्या झाल्या तर त्याच्यावर मत देता आलं पाहिजे.

लोकांना यातलं कळत नाही असं म्हणणारे भेटतात. माझ्या सासूबाईंचं माहेर पेडण्याचं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात ओपिनियन पोल झाला, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, फूल की दोन पानं. तेव्हा त्या तरुण होत्या, शाळा दुसरीपर्यंत. अजून सांगतात, "आमी फुलार शिक्को मारलेलो." त्यांची बाजू 34,021 मतांनी हरली, माहेर आणि सासर दोन वेगळ्या सरकारांत राहिलं, पण त्यांनी कधी म्हटलं नाही की मतदान घ्यायलाच नको होतं. आणि 21 सप्टेंबर 2008 ला रायगडात पेणकडे, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमिनी द्यायच्या की नाही यावर सरकारनेच शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं. सेझ म्हणजे तर टॅक्स सवलतीचंच गाव, तेव्हा निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण माफी होती. तो सेझ शेवटी तिथे झाला नाही. म्हणजे एवढा गहन विषय पण कोकणातल्या शेतकऱ्यापुढे मतपत्रिकेवर ठेवता येतो, ठेवला गेलाय.

एक भीती मला पण आहे. सह्यांचं हत्यार कोणीही उचलू शकतं. कॅलिफोर्नियात 1978 मध्ये लोकांनी मतदानाने घरपट्टीसारख्या करावर 1 टक्क्याची मर्यादा घातली, घरमालक खूश झाले आणि तिथल्या सरकारी शाळांचा पैसा आटला. सगळ्याच टॅक्सवर मतदान ठेवलं तर माणूस स्वतःचा टॅक्स आधी कापणार. म्हणून माझी मागणी अरुंद आहे, फक्त मोठ्या कंपन्यांना दिलेली सवलत रद्द करायची की नाही, एवढ्यापुरतंच मतदान, त्याला सह्यांची कडक अट ठेवा, पडताळणी करा. पण निम्म्याचा हिशोब मतदानाला आलेल्यांवर करा, यादीवर नको. आणि अंगठा उमटला नाही तर बाईला समोर उभी करून ओळख पटवा, फुली मारू नका.

आपल्या कायद्यात आज अशी सोय नाही, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज करता येतो तेवढंच, त्यातून मतदान होत नाही. तर निदान तो अर्ज तरी करूया असं आमच्या बचत गटाने ठरवलंय. ज्या शिरोड्यात 1930 साली मिठाच्या कराविरुद्ध लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तिथल्याच आठवडा बाजारात आम्ही बसणार आहोत, मग वेंगुर्ला, मग सावंतवाडी. अर्ज दसऱ्यानंतर आमच्या आमदारांच्या हातात देणार. दोनशे पानी वही आणली आहे, अंगठ्यांसाठी शेवटची चाळीस पानं वेगळी ठेवलीत, प्रत्येक अंगठ्यासमोर दोन साक्षीदारांच्या सहीची जागा आखून घेतली आहे.

आपली नम्र,
एक वाचक, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग