पहाडीनंतर अहिरभैरव?

संपादक महोदय,

अथपासून इतिपर्यंत एकही जागा सैल नाही अशी ध्वनिमुद्रिका म्हणजे १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार; काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरव रागापासून पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत. इथे क्रम हीच गोष्ट. अ‍ॅपवर ‘शफल’ (तुकडे उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय) चालू राहिले तर रात्रीनंतर पिलूची दुपार उगवते! ते बंद करावेच, शिवाय ‘क्रॉसफेड’ (एक तुकडा संपतानाच पुढचा त्यात मिसळण्याची सोय) शून्य सेकंदांवर आणावा. नाहीतर संतूरची विरत जाणारी आस (रेंगाळणारा नाद) पुढच्या आलापाखाली गाडली जाते. पहाडी संपला की थांबावे. नंतरच्या सीडीत जोडलेले जादा तुकडे वाईट नाहीत, पण ते वेगळे ऐकावेत.

— एक श्रोता, पुणे