मालिकेच्या पहिल्या भागाचं कौतुक छापता, पुढे किती आहेत ते पण छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुस्तकांच्या पानाबद्दल थोडी तक्रार आहे, म्हणजे तक्रार कमी आणि रडगाणं जास्त, पण छापा प्लीज.

एपिक फँटसी हा माझा प्रांतच नव्हता. भविष्यवाण्या, जादूगारणी, निवडलेला पोरगा, हे सगळं पोराटोरांचं असं माझं ठाम मत होतं, पण एकाने फारच डोकं खाल्लं म्हणून रॉबर्ट जॉर्डनचं 'द आय ऑफ द वर्ल्ड' हातात घेतलं आणि खरं सांगते, पहिली शंभर पानं नुसती रेटली. सुरुवातीलाच एक माणूस उद्ध्वस्त महालात बायकोला हाका मारत फिरतोय, आणि तिला आपणच मारलंय हे त्याच्या ध्यानातही नाही. मग पान उलटलं तर एक शेतकरी पोरगा बापाबरोबर गाडी घेऊन गावाकडे निघालाय. दोन्हीचा संबंध काय? कोणी सांगायलाच तयार नाही. नावं तर विचारूच नका, एक बोट पुढच्या नकाशात, एक मागच्या शब्दार्थांच्या यादीत, आणि उरलेल्या बोटांनी पुस्तक धरायचं.

आणि मग कधी अडकले ते कळलंच नाही. मी नंतर विचार केला की असं झालं कसं, तर मला वाटतं खरी चलाखी अशी आहे की त्या पोराला पण आपल्याइतकंच माहितीय, म्हणजे काहीच नाही. तो प्रश्न विचारतो, उत्तर आपल्याला मिळतं, पण अर्धंच, कारण जिला सगळं माहितीय ती सोबतची जादूगारीण मोजून मापून बोलते. वर मध्यावर त्या पोराची आणि त्याच्या सोबत्यांची फाटाफूट होते, हे एकीकडे ते दुसरीकडे, आणि प्रकरण अशा जागी तोडतो हा माणूस की 'त्या दोघांचं काय झालं एवढं बघते आणि झोपते' म्हणत म्हणत पहाटेचे साडेतीन. संपलं तेव्हा पहिलं काम काय केलं तर परत सुरुवातीचं ते महालाचं प्रकरण काढून वाचलं, आणि आता ते बऱ्यापैकी कळलं! ज्या पानांना शिव्या घातल्या तीच पानं. तिथे मी कामातून गेले.

मग पुढे बघते तर या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेचे १४ भाग. चौदा! जॉर्डनच्या डोक्यात आधी सहाच होते म्हणे. पहिला आला १९९० साली, शेवटचा २०१३ मध्ये, आणि मधे २००७ ला लेखकच गेला, त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने शेवटचे तीन लिहिले. एकूण शब्द चाळीस लाखांच्या वर. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी घेतलं असतं का? बहुतेक घेतलंच असतं, पण डोळे उघडे ठेवून.

तरी मी नशीबवान, माझी गोष्ट निदान संपलेली आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचे वाचक बघा, पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, सहाव्याची अजून वाटच बघतायत. तसं हे दुखणं जुनंच आहे म्हणा. टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती, प्रकाशकाने तिचे तीन तुकडे केले, आणि १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरा तुकडा संपला तेव्हा नायक शत्रूच्या तावडीत आणि वाचक पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तसेच लटकलेले.

तर मागणी एवढीच. तुमच्या पानावर अशा मालिकांच्या पहिल्या भागाबद्दल भरभरून येतं, 'खाली ठेववत नाही' वगैरे, ते बरोबरच आहे, पण खाली एक ओळ टाका ना, एकूण भाग किती, मालिका पूर्ण झालीय का, आणि पहिला भाग स्वतःपुरता कुठेतरी संपतो की दरीच्या काठावर सोडून देतो. माझा तसा संपत होता, थांबता आलं असतं, थांबले नाही ही गोष्ट वेगळी. मुखपृष्ठावर तर 'भाग पहिला' असं मुंगीच्या अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. ई-बुकवाल्यांसाठी हेही सांगा की शेवटची काही पानं शब्दार्थांत जातात, अजून बरंच बाकी आहे म्हणून निवांत बसले आणि गोष्ट ९४ टक्क्यांवरच संपली, त्या धक्क्यातून सावरायला दोन दिवस लागले.

आणि हो, परीक्षण लिहिणाऱ्यांना सांगा, पाचव्या भागात कोण मरतं ते पहिल्या भागाच्या ओळखीत लिहू नका. मी अजून तिसऱ्यावर आहे.

आपली,
एक नियमित वाचक