बांधावरचा टोमॅटो बरणीत जाऊ शकतो

महोदय,

भाव पडला की मोंढ्यापर्यंतचे भाडेही निघत नाही आणि टोमॅटोचे कॅरेट बांधावरच रिकामे होतात. शीतगृह हवे, ही मागणी रास्तच आहे. पण त्याहून कितीतरी स्वस्त वाट अमेरिकेच्या खेड्यांनी शंभर वर्षांपूर्वीच धरली. दक्षिण कॅरोलिनातल्या एकेन परगण्यात १९१० साली मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येकीला एक दशांश एकर, म्हणजे आपले चार गुंठे. पिकवायचे, डबाबंद करायचे आणि विकायचे, सगळे मुलींनीच. जॉर्जिया, व्हर्जिनियात आजही सामाईक डबाबंदी केंद्रे आहेत. जॉर्जियातली बरीच शाळांच्या कृषी विभागाला जोडलेली. माल ज्याचा त्याचा, भांडी केंद्राची.

आपल्या बचत गटांना हे सहज जमेल. मात्र कृती तंतोतंत हवी. टोमॅटो अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात. साल आपसूक सुटते. देठाकडचा भाग काढून, ठेचून पाच मिनिटे उकळायचे. ४७० मिलिलिटरच्या बरणीला सुमारे ७०० ग्रॅम लागतात. बरणीत आधी पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), मग गरम टोमॅटो, वर अर्धा इंच मोकळे. काठ पुसून झाकण लावायचे आणि बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायची. झाकणावर इंचभर पाणी हवे. पाणी खळखळू लागल्यावर वेळ मोजायची. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ३०५ मीटर उंचीपर्यंत ३५ मिनिटे आहेत, पण परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर त्याहून उंचावर. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून आपल्याकडे ४० मिनिटे.

लिंबूसत्त्व चवीसाठी नाही, ते कधीच वगळू नये. टोमॅटोची आम्लता काठावरची असते. ती कमी पडली तर बंद बरणीत बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, आणि ते वासावरून कळेलच असे नाही. याच कारणाने त्यात कांदा, लसूण, मिरची घालायची नाही. भेंडी, गवार, वाटाणा तर या पद्धतीने मुळीच नको. त्यांना ११६ अंशांची दाबाखालची वाफ लागते आणि घरचा छोटा कुकर त्या कामाचा नाही.

चपटे झाकण एकदाच वापरावे. जुन्या झाकणाचे रबर दबलेले असते, हवा शिरते. बरण्या १२ ते २४ तास हलवू नयेत. गार झाल्यावर झाकणाचा मध्य दाबून पाहावा. टक् करून वर आला तर झाकण घट्ट बसलेले नाही. ती बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावी.

परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. त्यांनी आपल्याकडच्या वाणांची आम्लता मोजून मराठी तक्ता छापावा आणि पुढच्या हंगामाआधी प्रत्येक तालुक्यातल्या एका शाळेत असे केंद्र सुरू व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, परभणी