अडीच वाजताची जाग

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "झोप लागते का रे नीट?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. अँजिओप्लास्टी झाल्यापासून रात्री दोन-अडीचला जाग येते आणि छातीवर हात ठेवून पडून राहतो. मरणाची भीती वाटते, बाळ्या. तुझ्याखेरीज कुणाला सांगणार?

तू पक्का नास्तिक, तरी निवांत. माझी आई पक्की माळकरी. शेवटच्या आजारपणातही तिन्हीसांजेचा हरिपाठ तिने सोडला नाही. आवाज गेला तेव्हा नुसते ओठ हलायचे. ती घाबरलेली मला कधी दिसली नाही. मी मात्र ना इकडचा, ना तिकडचा. रिपोर्ट यायचा असला की देवाला नारळ बोलायचा, एरवी त्याची आठवणही नाही.

मध्यंतरी पॉल विंक या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या अभ्यासाबद्दल वाचलं. कॅलिफोर्नियातल्या, १९२०च्या दशकात जन्मलेल्या लोकांचा तो अभ्यास. म्हातारपणी मरणाची भीती जास्त कुणाला, तर धड श्रद्धाळूही नाहीत आणि धड अश्रद्धही नाहीत त्यांना. परलोक आहे असं मानायचं, पण धर्माचं आचरण नाही, असे लोक तर जास्तच घाबरलेले. मी ते दोनदा वाचलं. माझ्याबद्दलच होतं ते.

म्हणून यंदा डॉक्टरांना विचारून माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढलो. सगळी वाट नाही, वडकीपासून माथ्यापर्यंतच. मध्येच दम लागला, बसलो. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी थांबल्या, ऐंशीच्या तरी असतील. "घ्या माउली," म्हणत पाण्याची बाटली पुढे केली. मी विचारून टाकलं, "आजी, वाटेतच काही झालं तर?" त्या म्हणाल्या, "झालं तर झालं. दिंडीतली माणसं हायेत की."

वैकुंठाचं नाव काढलं नाही रे त्यांनी! माणसांचं काढलं. आईच्या उशाशीही संध्याकाळी शेजारच्या चार बायका टाळ घेऊन बसायच्या, ते मला तिथे घाटात आठवलं.

आता रोज विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जातो. दहा-बारा जण असतो. एखादा दिसला नाही तर घरी फोन जातो. माझी श्रद्धा किती, ते अजून सांगता येणार नाही. जाग अजून येते, पण आता पडल्या पडल्या ओळी म्हणतो, कधी मध्येच डोळा लागतो.

कार्तिकात संजीवन समाधी सोहळ्याला आळंदीला जाणार आहे. तूही ये. देवळात येऊ नकोस हवं तर, इंद्रायणीच्या घाटावर बस. मी दर्शन घेऊन येतो, मग बोलू.

तुझा,
जुना बाकसोबती