दाण्याची पिशवी परत न्यायला लावलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला तेव्हा दाण्याची पिशवी माझ्या पायाशी होती आणि कुंपणाची तार तोडायचा बेत मनात पक्का झाला होता. माझ्या रोजच्या वाटेवरची ती तांबडी घोडी आठवा. बरगड्या लांबूनही मोजता याव्यात अशा, खूर पुढून वर वळलेले, म्होरकी इतकी घट्ट की नाकाडावर चर पडलेला. बादलीच्या तळाशी हिरवं शेवाळ. मालक माझा नातलग नाही, ओळखीचाही नाही, त्यामुळे मनातल्या मनात त्याला वाटेल ते बोलायला मी मोकळीच होते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तो दाणा आज पोटभर घातलात, तर या आठवड्यात मला कदाचित शवविच्छेदनालाच यावं लागेल." खरं सांगते, मला तुम्ही फार निर्दय वाटलात. पण मग फोनवरच समजावलंत. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिठूळ दाणा मिळाला की इन्सुलिन उसळतं. त्याबरोबर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, आणि घोडं खायला लागल्यावर तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडून जाऊ शकतं. शिवाय पोटशूळ आणि खुरांची सूज आहेच. मी पिशवी उचलून घरी आणली. तुमचा पहिला उपकार म्हणजे हा.

दुसरा उपकार म्हणजे ती वही. तुम्ही मला कुंपणाबाहेरच उभं केलंत. रोज त्याच जागेवरून, त्याच बाजूचा एक फोटो. बादलीत पाणी किती, समोर वैरण आहे की नाही, ताजी लीद किती. (दिवसाला आठ-दहा वेळा लीद पडायला हवी, नुसत्या लिदेवरून पोटात काय जातंय ते कळतं, हे मला ठाऊकच नव्हतं.) अंगावर किती मांस आहे ते 1 (नुसता हाडांचा सापळा) ते 9 (फारच लठ्ठ) अशा गुणांत मोजायची, 1983 साली मांडली गेलेली पद्धत शिकवलीत: मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. मी रागाच्या भरात 1 लिहिलं. तुम्ही फोटो पाहून 2 केलात. त्या एका गुणावरून मी तुमच्याशी वाद घातला, आठवतं? तुम्ही म्हणालात, वाढवून लिहिलेली एक ओळ सापडली की अख्खी वही खोटी ठरते.

फोटो सगळीकडे पाठवायचा माझा हट्टही तुम्ही मोडलात. लोक चार शिव्या देतील, मालक घोडी शेडच्या मागे हलवेल, मग तुम्हालासुद्धा ती दिसायची नाही, असं म्हणालात. घोडी आडवी पडून उठेनाशी झाली तर मात्र कुणाची वाट न बघता लगेच कळवा, हेही बजावलंत.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात: "तिच्या पायाशी चघळून टाकलेले गवताचे गोळे दिसतात का?" दिसत होते. कित्येक दिवस दिसत होते, आणि मी त्यांना कचरा समजत होते.

मी एकटी मालकाकडे गेले तेव्हा त्याने मला फाटकातूनच परत पाठवलं. गेल्या गेल्या "उपाशी मारताय" म्हटल्यावर दुसरं काय होणार! तुम्ही आलात ते नुसतं "घोडीचे दात बघून घेऊ का?" एवढंच विचारत. त्याने फाटक उघडलं. तुम्ही त्याच्याशी हसून बोलत होतात तेव्हा मला तुमचाच राग येत होता, हे आज कबूल करते. दाढांच्या कडा इतक्या धारदार झाल्या होत्या की गालाला आतून जखमा होत्या. गवत नीट चावता येईना, म्हणून ती ते गोळे टाकत होती. बघणारा माणूस सोडून गेला होता, मालक वैरण टाकून निघून जायचा, आणि घोडी म्हातारी म्हणून वाळत चाललीय असं त्याने स्वतःला पटवलं होतं. पाण्याकडे आणि म्होरकीकडे त्याने डोळेझाक केली, ती मी अजून माफ केलेली नाही. तुम्ही केली असेल तर तो तुमचा मोठेपणा.

पुढचे दहा दिवस तुम्हीच आखून दिलेत: पहिले तीन दिवस दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो लसूणघास, रात्रीसुद्धा, मग हळूहळू वाढ. रात्रीच्या पाळ्या मालकाने केल्या, मी फक्त दुपारच्या. खूर नालबंदाने एका दमात कापले नाहीत, टप्प्याटप्प्याने मागे घेतले. आता दर सहा-आठ आठवड्यांनी तो येतो. दर महिन्याला फीत लावते. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. पहिल्या दिवशी घेर 150 सेंटीमीटर होता, म्हणजे साधारण 275 किलो. काल 160 भरला, 312 किलो. पाच महिने लागले. गुण 4. या वेळी मी वाढवून लिहिलेला नाही.

मालकाने नकार दिला असता तर द्यायचा म्हणून तुम्ही माझ्याकडून तक्रारीचा अर्ज आधीच लिहून घेतला होता. तो वहीतच आहे, तारखेची जागा कोरी. मालकालाही तो ठाऊक आहे, तुम्हीच त्याला दाखवलात.

तुम्ही फी घेतलीत ती मालकाकडून. माझ्याकडून काहीच घेतलं नाहीत, म्हणून हे पत्र.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कुंपणाबाहेर उभी राहणारी

ता. क. – दाण्याची ती पिशवी परवा उघडली. आत पोरकिडे झालेत. घोडीला देऊ का, असं विचारायला फोन करणार नाही.